बालसंगोपन योजना: पैसे कोणाला मिळतात, अर्ज कुठं द्यायचा, कागद कोणते लागतात

नवरा गेला, घरात शाळेत जाणारी मुलं आहेत, आणि शेजारपाजारचे सांगतात की ती योजना अनाथ मुलांसाठी आहे, तुझी मुलं थोडीच अनाथ, त्यांना आई आहे की. हे ऐकून कित्येक बायका अर्जच करत नाहीत आणि मला याचं फार वाईट वाटतं, कारण महाराष्ट्र शासनाची बालसंगोपन योजना (आता तिचं पूर्ण नाव क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना) अनाथ मुलांसोबतच एक पालक असलेल्या मुलांसाठी पण आहे. आईवडिलांचा घटस्फोट झालाय, एकानं सोडून दिलंय, आईला किंवा वडिलांना कॅन्सर, एचआयव्ही, कुष्ठरोग असा मोठा आजार आहे, पालक जेलमध्ये आहेत, अविवाहित आई आहे, अशा घरातली मुलंसुद्धा बसतात. वय ० ते १८. महिन्याला एका मुलामागं २२५० रुपये, आधी हे ४२५ होते, मग ११०० झाले आणि २०२३ मध्ये २२५० केले. मूल घरातच राहावं, पैशापायी त्याला बालगृहात टाकायची वेळ येऊ नये, एवढाच हेतू आहे.

आता ऑफिस. इथं लोक हमखास चुकतात. जिल्हा परिषदेत जो महिला व बालकल्याण विभाग असतो, अंगणवाड्यांचं बघतो, तो हा नाही. आपल्याला जायचंय जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी यांच्या कार्यालयात, ते थेट राज्य शासनाचं ऑफिस आहे, वर पुण्याचं आयुक्तालय. त्याच्याच हाताखाली जिल्हा बाल संरक्षण कक्ष असतो, तिथं विचारलं तरी चालतं. काही ठिकाणी स्वयंसेवी संस्था अर्ज भरून घेतात, त्यांना त्यासाठी शासन वेगळं अनुदान देतं, त्यामुळं फॉर्मचे किंवा फाईल पुढं सरकवायचे पैसे कोणी मागितले तर एक रुपयाही देऊ नका. काहीच कळत नसेल तर १०९८ ला फोन लावा, चाइल्ड हेल्पलाइन आहे, फुकट आहे.

कागदांचं म्हणाल तर मुलाचं आणि पालकाचं आधार, रेशनकार्ड, मुलाचा जन्मदाखला, शाळेचं बोनाफाइड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रहिवासी पुरावा, बँक पासबुकची झेरॉक्स, फोटो, आणि बऱ्याच ठिकाणी घरासमोर मुलासोबत काढलेला पालकाचा फोटो पण मागतात. त्यावर तुमची जी परिस्थिती असेल तिचा पुरावा लागतो: मृत्यू असेल तर मृत्यूचा दाखला, घटस्फोट असेल तर कोर्टाचा आदेश, आजार असेल तर सरकारी दवाखान्याचं सर्टिफिकेट, पालक जेलमध्ये असेल तर जेलचं पत्र. जिल्ह्यागणिक एखादा कागद कमीजास्त होतो, त्यामुळं त्यांची यादी आधी हातात घ्या आणि मग झेरॉक्स काढा.

अर्ज अडतो तो बहुतेक नावावरून. मृत्यूच्या दाखल्यावर 'दत्तात्रय', आधारवर 'दत्ता', रेशनकार्डवर 'दत्तू', माणूस एकच पण कागदावर तीन झाले, आणि टेबलावरचा माणूस म्हणतो दुरुस्त करून आणा. दाखला दुरुस्त होत असेल तर ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेतून तो आधी करून घ्या, नाहीतर तिन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र चालेल का ते विचारून घ्या. तसंच बँक खात्याला आधार लिंक आहे म्हणजे काम झालं असं धरू नका, डीबीटीसाठी, म्हणजे शासनाचे पैसे थेट खात्यात येण्यासाठी, आधार सीडिंग (पैसे याच खात्यात यावेत अशी आधारवर नोंद) वेगळं असतं, बँकेत जाऊन तेवढंच स्पष्ट विचारा, कारण मंजुरी होऊनही पैसे अडकतात ते इथंच.

अर्ज दिल्यावर गृहभेट होते. समाजसेवक किंवा संरक्षण अधिकारी घरी येतात, घर कसंय, कमावतं कोण, मूल शाळेत जातं का, त्याची काळजी कोण घेतं हे बघून अहवाल लिहितात. हा अहवाल फार महत्त्वाचा, म्हणून त्या वेळी लाजू नका, घर आवरून चांगलं दाखवायची गरज नाही, भाडं थकलंय, औषधाचा खर्च किती होतो, जे आहे ते सांगा आणि त्यांनी लिहिलं की नाही ते बघा. मग फाईल बाल कल्याण समितीपुढं जाते. ही समिती बाल न्याय कायदा २०१५ खाली बसते, एक अध्यक्ष आणि चार सदस्य, आणि खरा आदेश हीच देते, क्लार्क नाही. समितीपुढं मुलाला घेऊन बोलावतात, कोर्टासारखं ऐकून मुलं घाबरतात, त्यांना आधीच सांगून ठेवा की फक्त गप्पा मारायच्यात. आदेशाची प्रत मागून घ्या, जपून ठेवा.

केंद्र सरकारच्या मिशन वात्सल्य या बाल संरक्षणाच्या कार्यक्रमातली प्रायोजकत्व (स्पॉन्सरशिप) योजना वेगळी, त्यात महिना ४००० मिळतात पण उत्पन्नाची अट आहे, ग्रामीण भागात वर्षाला ७२,००० आणि शहरात ९६,००० पर्यंत. एकाच मुलाला दोन्ही मिळत नाहीत, म्हणून तुम्ही उत्पन्नात बसत असाल तर आधी हिच्याबद्दल विचारा, ऑफिस तेच आहे. आणि नवऱ्याकडून पोटगी हवी असेल तर तो कोर्टाचा मार्ग आहे, या ऑफिसात ते होत नाही.

पैसे दर महिन्याच्या १ तारखेला पडतील असं समजू नका, निधी आला की काही महिन्यांचे एकदम जमा होतात, हे चूक आहे असं माझं स्पष्ट मत आहे कारण शाळेची फी आणि घरभाडं निधीसाठी थांबत नाही, पण सध्या असंच चालतं. दरवर्षी नूतनीकरण असतं, नवीन बोनाफाइड आणि पुन्हा तपासणी, ते राहिलं की पैसे बंद होतात आणि कोणी कळवतही नाही.

फाईल पडून असेल तर पोच घेतलेली असायलाच पाहिजे, तारीख आणि शिक्क्यासह, तोंडी 'झालं, जा' यावर कधीच विश्वास ठेवू नका. आधी जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांना लेखी द्या. समितीच्या कामाबद्दल तक्रार असेल तर ती जिल्हाधिकाऱ्यांकडं करता येते, बाल न्याय कायद्याच्या कलम २७ मध्ये तसं लिहिलंय, समितीच्या कामाचा दर तीन महिन्यांनी आढावा घेणंही त्यांच्यावरच आहे, त्यामुळं कलेक्टर ऑफिसात 'हे आमचं काम नाही' असं कोणी म्हटलं तर कलम दाखवा. त्यानंही हललं नाही तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाका, त्यात एवढंच विचारा की माझा अर्ज अमुक तारखेचा, आज तो कोणत्या टेबलावर आहे आणि का थांबलाय, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.