रात्री ओलं अंथरूण आणि दिवसा ओली चड्डी: दुखणी दोन, उपाय वेगळे

सात वर्षांचं मूल गादी ओली करतं म्हटलं की घरात पहिला हुकूम सुटतो, संध्याकाळपासून पाणी बंद. एकाला त्याचा थोडा गुण येतो, दुसऱ्याचं दुखणं त्यानंच वाढतं. कोणतं मूल कोणतं, हे रात्री नाही, दिवसा कळतं.

एक मूल दिवसभर कोरडं. पाच-सात वेळा लघवीला जातं, घाई नसते. झोपेत मात्र गादी चिंब. पाच वर्षांच्या आत याला आजार म्हणतच नाहीत. रात्री लघवी कमी करणारं संप्रेरक अपुरं पडतं, नाहीतर मूत्राशय भरूनही जाग येत नाही. आई-वडिलांपैकी कुणाला लहानपणी हा त्रास होता का, ते आजीला विचारा.

दुसऱ्याला एकाएकी जोराची लागते. खेळता खेळता ते पाय आवळतं, टाचेवर दाबून बसतं. मोठ्यांना ती खोड वाटते; खरं तर आकुंचन पावणारं मूत्राशय ते कसंबसं थोपवत असतं. दिवसातून आठाहून जास्त फेऱ्या, दरवेळी थोडीशी. पुष्कळदा मुळाशी बद्धकोष्ठ असतं: मळानं भरलेलं आतडं मूत्राशयाला मागून रेटतं. त्यात शाळेचं शौचालय नको म्हणून सकाळी व्हॅनमध्ये बसलेलं मूल दुपारी घरी येईपर्यंत रोखून धरतं.

अंदाज नको, मोजा. सुटीचे दोन दिवस प्रत्येक लघवी मापाच्या मगमध्ये. वयात १ मिळवून ३०नं गुणा, तितके मिली मूत्राशयात मावायला हवेत; सात वर्षांना २४० मिली. दिवसाची सर्वांत मोठी लघवी (सकाळची पहिली सोडून) याच्या बरीच खाली असेल तर मूत्राशय लहान मापावर चालतंय. रात्रीसाठी डायपर स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला: ओल्यातून कोरड्याचं वजन वजा, १ ग्रॅम म्हणजे साधारण १ मिली, वर सकाळची पहिली लघवी. सात वर्षांना ही बेरीज ३१० मिलीच्या पुढे गेली तर रात्री लघवीच जास्त बनते आहे.

फक्त रात्रीवाल्याला दिवसभर भरपूर पाणी, संध्याकाळनंतर बेताचं. इंदुरात रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीत चक्कर, वर खारी शेव आणि घटाघट पाणी. त्या रात्री कोरड्या गादीची आशा धरू नका. ओलाव्याचा अलार्म, म्हणजे चड्डी ओली होताच वाजणारं यंत्र, चांगला, पण चिकाटी हवी: सुरुवातीला सगळं घर उठतं, मूल सोडून. त्याला उठवून शौचालयात न्यावंच लागतं. सलग १४ कोरड्या रात्रींपर्यंत चालवा. दोन-तीन महिने धरून चला. डेस्मोप्रेसिन, म्हणजे रात्रीची लघवी कमी करणाऱ्या त्या संप्रेरकासारखं औषध, डॉक्टरांच्या सल्ल्यानंच. गोळीच्या तासभर आधीपासून पुढे आठ तास पाणी जवळजवळ बंद, नाहीतर रक्तातलं सोडियम घसरून झटके येऊ शकतात.

दिवसावाल्याचं पाणी तोडू नका, बद्धकोष्ठ आणखी वाढेल. घड्याळ लावून दर दोन-अडीच तासांनी लघवी, शाळेतसुद्धा. वर्गशिक्षिकांना चिठ्ठी द्या. कमोडवर पाय लोंबकळत असतील तर खाली पाट ठेवा, नाहीतर ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडत नाहीत. आधी पोट साफ, त्यासाठी डॉक्टर मळ मऊ करणारी पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर महिनोन्‌महिने देतात. मूत्राशयाचं आकुंचन शांत करणारं ऑक्सिब्युटिनिन त्यानंतर, कारण ते स्वतःच बद्धकोष्ठ करतं. दोन्ही त्रास असतील तर पोट आणि दिवस आधी, रात्रीचा अलार्म मागाहून.

ताप किंवा जळजळ असेल तर लघवीची तपासणी आणि कल्चर (जंतू वाढवून पाहणं). सतत थेंब थेंब गळणं, कमरेखाली मणक्यावर केसांचा झुपका, यांना बालशल्यचिकित्सकच हवा. सहा महिने कोरडं राहिलेलं मूल पुन्हा ओलं करू लागलं, तहान वाढली, वजन घटलं, तर त्याच दिवशी रक्तातली साखर तपासा.