मध खाणाऱ्याचं नाव

गावाकडं दिवेलागणीनंतर सापाला साप म्हणत नाहीत. ‘लांबडं निघालंय’ म्हणतात. बांगडी फुटत नाही, ती ‘वाढवते’. नाव घेतलं की ती गोष्ट दारात हजर होते, ही भीती फार जुनी आणि जगभरची. स्लाव लोकांनी, म्हणजे रशियन, चेक, पोलिश वगैरे भाषा बोलणाऱ्यांच्या पूर्वजांनी, हीच युक्ती अस्वलाच्या बाबतीत वापरली, आणि ती इतकी अंगवळणी पडली की अस्वलाचं मूळ नावच ते विसरून गेले.

रशियन भाषेत अस्वल म्हणजे ‘मेद्व्येद’. स्लोव्हेनियनमध्ये ‘मेद्वेद’, चेकमध्येही जवळपास तसंच. शब्दाची फोड केली की आपण ओळखीच्या अंगणात येतो. ‘मेद’ म्हणजे मध, आणि पुढचा भाग ‘खाणे’ या अर्थाच्या धातूचा. तो आपल्या संस्कृत ‘अद्’चा सख्खा भाऊ, ज्याच्यापासून ‘अन्न’ झालं. म्हणजे मेद्व्येद हा ‘मध खाणारा’. मधला ‘व’ कुठून आला, हे शाळेत यणसंधी घोकलेल्या कुणालाही सांगावं लागणार नाही: मधु + अद् = मध्वद्. स्लाव शब्दातही मूळच्या ‘उ’पुढे स्वर आला आणि ‘व’ झाला.

आणि ‘मध्वद्’ हा मी लेखासाठी जुळवलेला शब्द नाही. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातल्या १६४व्या सूक्तात ‘मध्वदः सुपर्णाः’ आहेत, झाडावर बसलेले मध खाणारे पक्षी. घडण तीच, फक्त आपल्याकडे ती पाखरांच्या वाट्याला आली.

मग अस्वलाचं जुनं नाव कोणतं? तेही आपल्याकडे आहे: ‘ऋक्ष’, ज्याच्यापासून हिंदीतला ‘रीछ’ आला. ग्रीकमध्ये त्याचंच ‘आर्क्टोस’. उत्तरेच्या आकाशातल्या अस्वलाच्या तारकासमूहावरून त्या दिशेच्या प्रदेशाला आर्क्टिक म्हणू लागले. आपण ज्यांना सप्तर्षी म्हणतो, तेच ते तारे. स्लाव भाषांत मात्र हा शब्द अस्वलाचं नाव म्हणून उरला नाही. त्यामागे उच्चाराची बंदी असावी, हा विचार फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ आंत्वान मेये यांनी १९०६ मध्ये मांडला. तो अनुमानच आहे, पण पटणारा. इंग्रजीतला ‘बेअर’सुद्धा मूळचा ‘तपकिरी’ असावा, असं बरेच जण मानतात.

इथं एक लोकप्रिय थाप बाजूला ठेवायला हवी. रशियन ‘बेर्लोगा’ म्हणजे अस्वलाची गुहा; तेव्हा जुनं नाव ‘बेर’ असणार, असं पुष्कळ ठिकाणी छातीठोकपणे सांगतात. ऐकायला झकास, पण व्युत्पत्तिकारांना ते मान्य नाही. इतर स्लाव भाषांत या शब्दाची भावंडं डुकराच्या किंवा कुठल्याही जनावराच्या घाणेरड्या बिळालाही लागतात.

शब्द जुना झाला तसा त्यातला मध लोकांना दिसेनासा झाला. पोलिश लोकांनी सुरुवातीचा ‘म’ टाकून ‘न’ घेतला. चेक फुटबॉलपटू पावेल नेद्वेदच्या आडनावात तोच ‘न’ आहे. युक्रेनियनमध्ये तर अक्षरांचीच अदलाबदल होऊन ‘वेद्मीद’ झालं. ‘वेद’ म्हणजे जाणणं, तेव्हा हा ‘मध कुठं आहे हे जाणणारा’, असा नवा अर्थ लोकांनी लावला. चुकीचा, पण अस्वलाला शोभणारा. हंगेरियन भाषा स्लाव कुळातली नव्हे, तरी तिनं शेजाऱ्यांकडून ‘मेद्वे’ उचलला. बल्गेरियन मात्र साध्या बोलण्यात ‘मेच्का’ म्हणतात.

सगळ्यात गंमत पुढं आहे. टोपणनावच खरं नाव झाल्यावर त्याचीही भीती वाटू लागली. मग रशियन माणसानं टोपणनावाला पुन्हा टोपणनावं शोधली: ‘कोसोलापी’, म्हणजे वाकड्या पंजांचा, ‘खोझ्याइन’, म्हणजे जंगलाचा मालक, आणि गोष्टींमध्ये तर चक्क बापाच्या नावासकट, आदरानं, ‘मिखाईल पोतापिच’.