खुले विज्ञान आणि फेरपडताळणीचे सामूहिक प्रकल्प (सोलापूर)

एकाने केलेला प्रयोग दुसऱ्याने, दुसऱ्या जागी, त्याच रीतीने केला तर तेच उत्तर येते का, हे तपासण्यासाठी अनेक प्रयोगशाळांनी आधी ठरवलेल्या एकाच आराखड्यानुसार केलेले संशोधन म्हणजे फेरपडताळणीचा सामूहिक प्रकल्प. आराखडा, मूळ नोंदी, गणिताची रीत आणि निष्कर्ष कोणालाही पाहता येतील असे ठेवण्याच्या पद्धतीला खुले विज्ञान म्हणतात. ही चळवळ २०१० नंतर मुख्यतः मानसशास्त्रात आणि कर्करोगाच्या संशोधनात नावारूपाला आली. तिचा अर्धा भाग, म्हणजे एक आराखडा आणि अनेक ठिकाणे, सोलापूरला कोरडवाहू शेतीच्या संशोधनातून नव्वद वर्षे परिचयाचा आहे. उरलेला अर्धा, म्हणजे नोंदवही उघडी ठेवणे, अजून अंगवळणी पडायचा आहे.

परिभाषा. ‘रिप्रोड्युसिबिलिटी’ या इंग्रजी संज्ञेचे शब्दशः भाषांतर केले तर ‘पुनरुत्पादनक्षमता’ असा शब्द हाती येतो आणि वाचकाला शाळेतला जीवशास्त्राचा धडा आठवतो. ‘सहकारी प्रकल्प’ म्हणावे तर सोलापूर जिल्ह्यात साखर कारखान्याचे धुराडे डोळ्यांपुढे येते. म्हणून या नोंदीत दोन साधे शब्द वापरले आहेत. त्याच नोंदींवर तेच गणित पुन्हा केले असता तोच आकडा येणे, हे फेरगणन. नवा प्रयोग करून, नव्या नोंदी घेऊन तोच निष्कर्ष निघणे, हा फेरप्रयोग. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींच्या २०१९ च्या अहवालातही अशीच विभागणी आहे. फेरगणन सोपे वाटते, पण पुष्कळदा तिथेच घोडे अडते. ज्वारीच्या चाचणीत गुरांनी खाल्लेल्या प्लॉटसमोर एकाने शून्य लिहिले आणि दुसऱ्याने रकाना रिकामा सोडला, तर दोघांची सरासरी वेगळी येणारच. रिकाम्या रकान्याचा अर्थ कुठे लिहून ठेवला नसेल, तर पाच वर्षांनी चाचणी घेणाऱ्यालाही तो सांगता येत नाही.

पार्श्वभूमी. संशोधनातले निष्कर्ष पुन्हा मिळत नाहीत ही कुरबूर जुनीच. तिला आकड्यांचा आधार २००५ नंतर मिळत गेला. त्या वर्षी जॉन इओआनिडिस यांनी लहान नमुने, सैल पद्धती आणि ‘काहीतरी सापडलेच पाहिजे’ हा दबाव एकत्र आला की छापून आलेले बरेचसे निष्कर्ष चुकीचे ठरू शकतात, असे संख्याशास्त्राने मांडले. २०१२ मध्ये ग्लेन बेगली आणि ली एलिस यांनी ‘नेचर’मध्ये लिहिले की, अॅमजेन या औषध कंपनीच्या शास्त्रज्ञांनी कर्करोगावरील ५३ गाजलेले निबंध तपासले आणि त्यांपैकी ६ चेच निष्कर्ष पुन्हा मिळाले. पण कंपनीने ते निबंध कोणते हे जाहीर केले नाही. तपासणीच बंद दाराआड झाल्याने तिचीही तपासणी करता येईना. सामूहिक आणि खुल्या प्रकल्पांची गरज या गमतीशीर पेचातून अधिक ठळक झाली.

मोठे प्रकल्प. अमेरिकेत व्हर्जिनियातील शार्लट्सव्हिल येथे ब्रायन नोसेक आणि जेफ्री स्पाइज यांनी २०१३ मध्ये ‘सेंटर फॉर ओपन सायन्स’ ही संस्था काढली. तिच्या आधाराने पुऱ्या झालेल्या मानसशास्त्राच्या प्रकल्पात २००८ मध्ये तीन नियतकालिकांत आलेल्या निबंधांतून १०० प्रयोग पुन्हा करण्यात आले. निष्कर्ष २०१५ मध्ये ‘सायन्स’मध्ये आले तेव्हा लेखकांची संख्या २७० होती. मूळ निबंधांपैकी ९७ टक्क्यांत परिणाम संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय (निव्वळ योगायोगाने सहसा न दिसणारा) होता. फेरप्रयोगांत तो ३६ टक्क्यांतच तसा दिसला आणि परिणामाचा आकार सरासरीने निम्म्यावर आला. वर्तमानपत्रांनी यातून ‘मानसशास्त्र खोटे’ असा अर्थ काढला. तो बरोबर नाही. एक फेरप्रयोग फसला म्हणून मूळ प्रयोग खोटा ठरत नाही. नमुना, भाषा, देश आणि काळ यांतल्या फरकानेही उत्तर बदलते.

हा फरक नेमका किती, हे पाहायला ‘मेनी लॅब्ज’ (अनेक प्रयोगशाळा) ही मालिका निघाली. २०१८ च्या दुसऱ्या फेरीत २८ निष्कर्ष ३६ देश-प्रदेशांतल्या सुमारे १५,००० लोकांवर तपासले गेले आणि जवळजवळ निम्मे टिकले. जे टिकले ते बहुतेक ठिकाणी टिकले आणि जे पडले ते बहुतेक सगळीकडे पडले. ‘आमच्याकडचे लोक वेगळे’ ही सबब त्या निष्कर्षांपुरती तरी लंगडी पडली.

कर्करोग-जीवशास्त्राच्या प्रकल्पाची गोष्ट वेगळी आहे आणि माझ्या मते तीच अधिक शिकवणारी आहे. योगायोगाने इथेही निबंध ५३च; त्यांतले १९३ प्रयोग पुन्हा करायचे ठरले होते. २०२१ पर्यंत २३ निबंधांतले ५० प्रयोगच पुरे झाले. कारण असे की, १९३ पैकी एकाही प्रयोगाची कृती मूळ निबंधात इतकी सविस्तर नव्हती की लेखकांना न विचारता तो मांडता यावा. कुणी उत्तर पाठवले, कुणी पाठवले नाही. कुठे पेशी मिळाल्या नाहीत, कुठे मूळ आकडे. निष्कर्ष चूक की बरोबर हा प्रश्न पुढचा. कृतीच लिहिलेली नव्हती. पाककृतीत ‘मीठ चवीनुसार’ चालते, प्रयोगशाळेत चालत नाही.

यावर दोन उपाय रूढ झाले. पहिला पूर्वनोंदणीचा: प्रयोग सुरू होण्यापूर्वी गृहीतक, नमुन्याचा आकार आणि गणिताची रीत तारखेसह नोंदवून ठेवायची, म्हणजे हवे ते उत्तर निघेपर्यंत आकडे पिळता येत नाहीत. दुसऱ्यात नियतकालिक आराखडाच तपासून स्वीकारते, मग निकाल काहीही लागो. ही पद्धत ‘कॉर्टेक्स’ नियतकालिकाने २०१३ मध्ये सुरू केली. पूर्वनोंदणी भारतीय डॉक्टरांना नवी नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची चाचणी-नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली आणि १ एप्रिल २०१८ पासून तीत पहिला रुग्ण घेण्यापूर्वीच नोंद करावी लागते. सोलापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात चाचणीवर प्रबंध लिहिणारा पदव्युत्तर विद्यार्थी नोंदणी क्रमांकासाठी धावपळ करतो तेव्हा त्याला ती सरकारी कटकट वाटते. खुल्या विज्ञानाचे एक कलम आपण पाळतो आहोत, हे त्याला सहसा कोणी सांगत नाही.

सोलापूर : कोरडवाहूची परंपरा. १९३३ च्या सुमारास तेव्हाच्या शाही कृषी संशोधन परिषदेने सोलापूर, विजापूर, हगरी, रायचूर आणि रोहतक या पाच ठिकाणी कोरडवाहू शेतीची संशोधन केंद्रे उभी केली. मुंबई इलाखा, मद्रास इलाखा, निजामाचे राज्य आणि पंजाब अशा चार वेगळ्या कारभारांखालच्या या जागा होत्या. बांधबंदिस्ती, पातळ पेरणी, दोन ओळींत जास्त अंतर, पुन्हा पुन्हा कोळपणी ही मुंबईची कोरडवाहू पद्धत याच प्रयत्नांतून घडली. सोलापूरचे केंद्र आज राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे आहे आणि १९७० मध्ये सुरू झालेल्या अखिल भारतीय समन्वित कोरडवाहू शेती संशोधन प्रकल्पातही ते आहे.

‘समन्वित’ हा शब्द इथे महत्त्वाचा. अशा प्रकल्पात वाणांची यादी, प्लॉटचा आकार आणि पुनरावृत्तींची संख्या वार्षिक बैठकीत ठरते आणि सगळी केंद्रे तीच चाचणी घेतात. प्रत्येक चाचणीत तुलनेसाठी एक ओळखीचा वाण ठेवतात. त्याला शेतीच्या महाविद्यालयांत सर्रास ‘चेक’ म्हणतात. रब्बी ज्वारीत हा मान दीर्घकाळ मालदांडी ३५-१ कडे होता. मालदांडी या स्थानिक ज्वारीतून निवड करून तो वाण मोहोळच्या केंद्रावर तयार झाला, म्हणजे देशभराच्या तुलनेची पट्टी सोलापूर जिल्ह्यातली होती. रँडमायझेशन (कोणत्या प्लॉटमध्ये काय लावायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरवणे) आणि रेप्लिकेशन (तेच अनेक प्लॉटमध्ये पुन्हा लावणे) ही तत्त्वे रोनाल्ड फिशर यांनी इंग्लंडमधल्या रॉथमस्टेडच्या शेतावर मांडली. भारतात ती पोहोचली ती प्रामुख्याने वि. गो. पानसे आणि पां. वा. सुखात्मे यांच्या १९५४ च्या पाठ्यपुस्तकातून. शेतीच्या पदवीधराला आजही ‘पानसे-सुखात्मे’ एवढे म्हटले की पुरते. मानसशास्त्रज्ञांनी २०१४ नंतर जे नव्याने शोधले, ते या मंडळींना घरचे होते.

उणे ते एवढेच की, छापील अहवालात बहुधा केंद्रनिहाय सरासरी येते. प्लॉटनिहाय आकडे, पेरणीची नेमकी तारीख, मोडलेल्या प्लॉटचा शेरा हे सगळे फील्डबुकात राहते आणि फील्डबुक कपाटात. भारतीय कृषी संशोधन परिषदेने २०१३ मध्ये खुल्या प्रवेशाचे धोरण स्वीकारले. पण निबंध वाचायला मिळणे आणि त्यामागच्या नोंदी मिळणे यांत बरेच अंतर आहे.

नोंदींतला तपशील किती मोलाचा असतो, हे डाळिंबावरून कळते. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ पासून सोलापुरात आहे. तेल्या हा जिवाणूजन्य रोग पावसातल्या मृग बहारात जोर धरतो, पावसाळ्यानंतरच्या हस्त बहारात त्याचा त्रास कमी असतो. एखाद्या फवारणीने तेल्या आटोक्यात आला, असे निबंधात लिहिले आणि बहार कोणता ते लिहिले नाही, तर सांगोल्याच्या बागायतदाराला त्याचा उपयोग नाही आणि फेरप्रयोग करणाऱ्याला तर मुळीच नाही.

सोलापूरचे ढग. भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेच्या ढग-बीजारोपण (ढगांत कण सोडून पाऊस वाढवणे) प्रयोगाचा चौथा टप्पा २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यांत सोलापूर परिसरात झाला. जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे: ढग येतात, पाऊस देत नाहीत, बीजारोपणाचा कस लावायला अशीच जागा हवी. २७६ ढगांचा अभ्यास झाला. काहींत विमानातून क्षारकण सोडले आणि काही तुलनेसाठी तसेच ठेवले. रडार आणि पर्जन्यमापकांच्या जाळ्यातून पाऊस मोजला. २०२३ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार काही ठिकाणी पाऊस ४६ टक्क्यांपर्यंत वाढला आणि वाऱ्याच्या दिशेतल्या १०० चौरस किलोमीटर क्षेत्रात सरासरी वाढ १८ टक्के होती.

हे आकडे वाचताना इस्राएलचा अनुभव लक्षात ठेवावा. तिथे १९६० आणि १९७० च्या दशकांतल्या दोन प्रयोगांनी पाऊस वाढल्याचे सांगितले आणि ते जगभर दाखल्यासारखे वापरले गेले. पुढे त्याच नोंदी इतरांनी पुन्हा तपासल्या तेव्हा शंका निघाल्या. २०१३ ते २०२० या काळातल्या नव्या प्रयोगात वाढ दोन टक्क्यांहूनही कमी आणि संख्याशास्त्रीयदृष्ट्या नगण्य निघाली. सोलापूरचा निष्कर्ष चुकीचा आहे असे यावरून म्हणता येत नाही. पण दुष्काळी तालुक्यात बीजारोपणाची निविदा काढण्याआधी दुसऱ्या पर्जन्यछायेत, दुसऱ्या गटाने, आधी जाहीर केलेल्या गणिताने तोच प्रयोग करून पाहणे शहाणपणाचे.

धोरणे. युनेस्कोने खुल्या विज्ञानाची शिफारस नोव्हेंबर २०२१ मध्ये स्वीकारली. भारतात वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने २००८ मध्ये क्षयरोगावरील औषधांसाठी खुला सामूहिक शोधप्रकल्प सुरू केला होता. पीएचडीचे प्रबंध ‘शोधगंगा’ या खुल्या संकेतस्थळावर ठेवले जातात. २०२५ पासून ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेत सरकारी शिक्षणसंस्थांना १३,००० हून अधिक नियतकालिके मिळू लागली. तीन वर्षांची तरतूद ६,००० कोटी रुपयांची आहे. केगावच्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर विद्यापीठासारख्या एका जिल्ह्यापुरत्या विद्यापीठाला याचा फायदा मोठा. तरी हा पैसा वाचण्यासाठी आहे. नोंदी नीट लावून ठेवणाऱ्या माणसाच्या पगाराची सोय त्यात नाही.

मर्यादा. सगळेच उघडे ठेवता येत नाही. नान्नजच्या माळावर माळढोकाचे घरटे दिसले तर त्याचे अक्षांश-रेखांश छापणे म्हणजे पक्ष्याच्या जिवाशी खेळ. बार्शीचा दाखला याहून नाजूक आहे. देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये तिथे सुरू झाली. दवाखान्यात न पोहोचलेले रुग्ण नोंदवायला तिचे कार्यकर्ते गावोगाव फिरत. आजाराचे संकेत आंतरराष्ट्रीय पद्धतीचे असल्याने बार्शीचे आकडे जगातल्या इतर नोंदण्यांशेजारी ठेवता येतात. पण दीड हजार वस्तीच्या गावात वय, लिंग आणि आजार एवढे सांगितले तरी पारावर बसलेल्यांना माणूस ओळखू येतो. म्हणून अशा नोंदणीतले आकडे अनेक गावांचे एकत्र करूनच छापतात आणि मूळ नोंदी कोणाला, कोणत्या अटीवर दाखवायच्या हे नैतिकता समिती ठरवते.