साहेबांची हवाई वारी आणि काटकसरीची फर्मानं

सरकारी खर्चावर लगाम घालण्याची भाषा आपल्याकडे विमानांच्या आधीची आहे. 1931 च्या कराची काँग्रेसने सरकारी पगाराची कमाल मर्यादा सर्वसाधारणपणे महिना 500 रुपये ठरवली. जुलै 1937 मध्ये वर्ध्यात काँग्रेस कार्यकारिणीने मंत्रिमंडळं बनवायला होकार दिला, आणि मंत्र्यांनी पगार 500 रुपयांवरच ठेवला.

विमानं आली तशी गोष्ट बदलत गेली. निवडणूक आयोगाने 1979 मध्ये आचारसंहितेत सत्ताधारी पक्षासाठी कलमं घातली. सरकारी विमान प्रचाराला वापरायचं नाही, हे त्यात आहे. सप्टेंबर 2009 मध्ये अर्थमंत्री प्रणव मुखर्जींनी मंत्र्यांना इकॉनॉमीत बसवलं. शशी थरूर त्या वर्गाला गुराढोरांचा म्हणाले आणि ते त्यांच्या अंगाशी आलं. 2014 मध्ये अधिकाऱ्यांचा फर्स्ट क्लास बंद झाला. एअर इंडिया टाटांकडे गेल्यावर, जून 2022 मध्ये, केंद्राने कर्मचाऱ्यांना सांगितलं की तिकीट 21 दिवस आधी काढा, आपल्या श्रेणीतलं सर्वांत स्वस्त घ्या.

हे सगळं तिकिटापुरतं. राज्याचं विमान किंवा भाड्याचं हेलिकॉप्टर हा वेगळाच मामला. फेब्रुवारी 2021 मध्ये राज्यपाल भगतसिंह कोश्यारी मुंबईत सरकारी विमानात बसून खाली उतरले, कारण परवानगी नव्हती. विमान द्यायचं की नाही हे कोण ठरवतं यावर तेव्हा चिक्कार बोललं गेलं. खर्चाचं फारसं कुणी काढलं नाही.

आमच्याकडे हा खर्च डोळ्यांना दिसतो. तालुक्याला मंत्री येणार म्हटलं की कॉलेजच्या मैदानावर मुरूम पडतो, रोलर फिरतो, चुन्याने गोलात एच काढतात. फुफाटा उडू नये म्हणून टँकरने पाणी मारतात, तेही ऐन मे महिन्यात. नगरपालिकेचा बंब आणि ग्रामीण रुग्णालयाची रुग्णवाहिका सकाळपासून उभी. बांधकाम विभागाचे इंजिनिअर घड्याळ पाहत बसतात. दौऱ्याच्या खर्चात यातलं किती धरलं जातं, हा खरा सवाल.

2006 मध्ये शेतकरी आत्महत्यांमुळे पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले, तिथल्या सहा जिल्ह्यांना 3750 कोटींचं पॅकेज जाहीर झालं. तेव्हापासून शेतकऱ्याचं सांत्वन आकाशातून उतरायची सवयच पडली म्हणा ना.

गडचिरोलीचं मात्र वेगळं. तिथे जखमी जवानाला नागपूरला हेलिकॉप्टरनेच आणावं लागतं; त्या खर्चावर बोट ठेवू नये. पण मुंबईहून विदर्भात यायला 'सोयच नाही' ही सबब आता तितकी टिकत नाही. 16 एप्रिल 2025 पासून अमरावतीच्या बेलोऱ्याला मुंबईचं प्रवासी विमान उतरू लागलं, गोंदियाच्या बिरसीवरून त्याआधीच 2022 मध्ये सेवा सुरू झाली होती. अकोल्याची शिवणी तेवढी मागे राहिली. धावपट्टी आखूड, आणि ती वाढवायचं काम जागेच्या प्रश्नावर बरीच वर्षं अडून राहिलं.