कापेल केलिन: पाण्याखाली गेलेल्या वाडीची पार्श्वभूमी

उत्तर वेल्समधल्या बाला गावातून वायव्येकडे निघालं की थोड्याच अंतरावर रस्त्याच्या डाव्या हाताला एक लांबलचक तलाव लागतो. लांबी चार किलोमीटरच्या आसपास, रुंदी एखाद्या ठिकाणी दीड किलोमीटर. नकाशात नाव ल्लिन केलिन. १९६५ पर्यंत इथे तलाव नव्हता, त्रवेरिन नदीचं खोरं होतं. मेंढ्या, गवताची कुरणं, दगडी बांध आणि कापेल केलिन नावाची वाडी. एक चॅपल, त्याला लागून दफनभूमी, एक शाळा, एक पोस्ट आणि बारा घरं नि शेतवाड्या. ६७ माणसांच्या वस्तीपैकी ४८ जणांची घरं गेली.

आकडा लहान आहे. मुळशी, कोयना, उजनी ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला तर तो फारच लहान वाटेल, आणि विस्थापन म्हणजे काय हे त्याला वेगळं सांगायला नको. प्रश्न असा की एवढ्याशा वाडीचं नाव साठ वर्षांनंतरही वेल्समध्ये भिंतीभिंतीवर का लिहिलं जातं. त्याचं उत्तर पाण्याच्या खोलीत नाही, ते पाणी अडवण्याची परवानगी कुठून आणि कशी मिळवली यात आहे.

जुना इतिहास थोडक्यात. हे खोरं वेल्श भाषेचं. शेती, शाळा, प्रार्थना, भांडणं, सगळं वेल्शमध्ये. सतराव्या शतकात क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचा छळ झाला तेव्हा या परिसरातली काही कुटुंबं पेनसिल्व्हेनियाला निघून गेली. त्यांची दफनभूमी हावोद वादोग या शेतावर होती, तेही शेत आता पाण्याखाली आहे. चॅपल १८२० च्या सुमाराचं. पुढे बाला ते ब्लाइनाउ फेस्टिनिओग रेल्वे खोऱ्यातून गेली आणि तलावाच्या निमित्ताने बंद झाली.

इंग्लंडमधल्या शहरांनी वेल्समध्ये धरणं बांधणं नवीन नव्हतं. लिव्हरपूलनेच १८८० च्या दशकात ल्लानवुद्दिन हे गाव बुडवून व्हर्नवी तलाव केला होता. बर्मिंगहॅमने एलान खोरं घेतलं. तेव्हाही माणसं उठवली गेली, पण देशभर गाजावाजा झाला नाही. १९५५ साली लिव्हरपूलची नजर आधी दोलानोग या दुसऱ्या खोऱ्यावर होती. तिथे एका थोर वेल्श भक्तिगीतकार स्त्रीच्या स्मृती आहेत, म्हणून ओरड झाली आणि शहराने तो बेत सोडला. वर्ष सरता सरता त्रवेरिनचं नाव पुढे आलं. आपलं खोरं बुडणार हे वाडीतल्या लोकांना वर्तमानपत्रातून कळलं. आधी कोणी दारात येऊन विचारलं नव्हतं.

इथून पुढचा भाग नीट समजून घ्यायला हवा, कारण एका शब्दामुळे घोटाळा होतो. लिव्हरपूलने संसदेत जे आणलं त्याला इंग्रजीत ‘प्रायव्हेट बिल’ म्हणतात. मराठी वृत्तपत्रांत ‘खासगी विधेयक’ म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर सरकारात नसलेल्या एखाद्या खासदाराने मांडलेलं विधेयक येतं, जे बहुधा पुढे सरकतच नाही. हे ते नव्हे. ब्रिटिश संसदेत एखादी नगरपालिका किंवा कंपनी बाहेरून अर्ज करून स्वतःपुरता कायदा मागू शकते: अमुक जमीन घ्यायचा, अमुक नदी अडवायचा अधिकार आम्हाला द्या. एकोणिसाव्या शतकातले रेल्वेमार्ग नि कालवे बहुतेक असेच मंजूर झाले. व्हर्नवीचा तलावही याच वाटेने आला होता. ज्यांचं नुकसान होणार त्यांनी विरोधात अर्ज करायचा, मग मोजक्या सदस्यांची समिती दोन्हीकडचे वकील ऐकते, जवळजवळ कोर्टासारखं, आणि शेवटी सभागृह मत देतं.

१९४७ नंतर ब्रिटनमध्ये नगररचनेचा नवा कायदा लागू झाला होता. त्यानुसार एवढ्या मोठ्या कामाला स्थानिक नियोजन अधिकाऱ्यांची, म्हणजे मेरिओनेथ परगण्याच्या निवडून आलेल्या मंडळाची संमती लागली असती. संसदेकडून थेट कायदाच करून घेतला की ही पायरी उरत नाही. लिव्हरपूलने नेमकं हेच केलं. वेल्समधल्या एकाही निवडून आलेल्या संस्थेचा होकार न घेता वेल्समधलं खोरं घेता आलं, तेही पूर्ण कायदेशीरपणे. आपल्याकडे मुळशीत जमीन संपादनाचा कायदा वापरून सरकार उघडपणे मध्ये आलं होतं. इथे एका शहराने शेजारच्या देशातली जमीन स्वतःच्या नावाने कायदा करवून घेतली.

शहराची बाजू अशी की युद्धात बाँबहल्ल्यांनी उद्ध्वस्त झालेली घरं पुन्हा उभी करायची होती, गलिच्छ वस्त्यांतल्या लोकांना नळ द्यायचे होते, कारखाने वाढवायचे होते. यातला पहिला भाग खरा होता. पण पाण्याचा काही वाटा आसपासच्या इतर भागांना विकायचा बेत होता, हेही तितकंच खरं. ‘तहानलेलं शहर’ या चित्राला त्यामुळे तडा जातो.

नगररचनेच्या वाटेने गेले असते तर निकाल बदलला असता का? प्रामाणिकपणे सांगायचं तर कदाचित नाही. परगण्याने नकार दिला असता तर अपील गृहनिर्माण आणि स्थानिक स्वराज्य मंत्र्याकडे गेलं असतं, आणि त्या काळी तोच माणूस वेल्श कारभाराचाही मंत्री होता. त्याने सभागृहात लिव्हरपूलच्या विधेयकाला पाठिंबा दिला. तरीसुद्धा मला हा फरक किरकोळ वाटत नाही. त्या वाटेने सुनावणी बहुधा खोऱ्याजवळ झाली असती, शेतकऱ्याला आपल्या गावाजवळ उभं राहून बोलता आलं असतं. लंडनच्या समितीपुढे वकील उभे करायला पैसा लागतो. मेंढपाळाच्या घरात तो नसतो.

वेल्सच्या ३६ खासदारांपैकी ३५ जण विरोधात होते, उरलेल्या एकाने मत दिलं नाही. हा आकडा आज प्रत्येक लेखात येतो आणि यायलाच हवा. वेगवेगळ्या पक्षांचे, एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे खासदार एका बाजूला होते आणि तरी विधेयक संमत झालं. १ ऑगस्ट १९५७ रोजी त्याला राजमान्यता मिळाली.

त्याआधी, नोव्हेंबर १९५६ मध्ये, जवळजवळ सगळी वाडी बसमध्ये बसून लिव्हरपूलला गेली होती. म्हातारी माणसं, शाळेतली पोरं, हातात फलक. फलकांवर विनंती होती: आमची घरं बुडवू नका. लिव्हरपूल हे उत्तर वेल्सच्या लोकांना परकं शहर नव्हतं. पिढ्यान् पिढ्या वेल्श गवंडी, दाया, शिक्षक तिथे पोट भरायला गेले, तिथल्या कित्येक गल्ल्या वेल्श ठेकेदारांनी बांधल्या, तिथे वेल्श चॅपल होती. नातलगांच्या शहरात जाऊन विनवणी करायची वेळ आली, म्हणून ती जखम जास्त खोल गेली.

पुढची सहा-सात वर्षं खोरं मोडत होतं. १९६३ च्या उन्हाळ्यात शाळा बंद झाली, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये चॅपलमध्ये शेवटची प्रार्थना झाली. दफनभूमीचं काय करायचं हे प्रत्येक कुटुंबाने ठरवायचं होतं. आठ जणांचे अवशेष काढून दुसरीकडे पुरले. बाकीचे तिथेच राहिले. त्यांच्यावरचे नावांचे दगड उचलले आणि जमिनीवर काँक्रीटचा थर ओतला. आज तलावाच्या काठावर जे छोटं स्मारक-चॅपल आहे, तिथे ते दगड ठेवले आहेत. नावं पाण्याच्या वर आणि माणसं पाण्याखाली, अशी ती वाटणी आहे.

याच काळात धरणाच्या कामावर हल्ले झाले. फेब्रुवारी १९६३ मध्ये तीन तरुणांनी ट्रान्सफॉर्मर स्फोटाने उडवला, त्यातल्या एका विद्यार्थ्याला वर्षभराची शिक्षा झाली. ऑक्टोबर १९६५ मध्ये उद्घाटनाला पाहुणे आले तेव्हा जमावाने दगड फेकले, माइकच्या तारा तोडल्या, भाषणं कोणाला ऐकू आली नाहीत आणि समारंभ काही मिनिटांत गुंडाळावा लागला.

राजकीय परिणाम लगेच दिसला, असं हल्ली सर्रास लिहिलं जातं. तसं झालं नाही. प्लाइड कम्री या वेल्श राष्ट्रवादी पक्षाचा अध्यक्ष १९५९ च्या निवडणुकीत खुद्द याच मतदारसंघात हरला. पण १९६४ मध्ये वेल्ससाठी स्वतंत्र मंत्रिपद निर्माण झालं, १९६६ मध्ये त्याच अध्यक्षाने दक्षिणेतल्या कार्मार्थेनची पोटनिवडणूक जिंकली, १९६७ मध्ये वेल्श भाषेचा कायदा आला. या सगळ्याचं एकमेव कारण त्रवेरिन नाही. मात्र त्या पिढीच्या बोलण्यात त्रवेरिन सारखं येतं.

एक तांत्रिक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. या तलावातून लिव्हरपूलला थेट नळ जात नाही. पाणी त्रवेरिन नदीत सोडतात, ती बालाजवळ डी नदीला मिळते आणि पुढे चेस्टरजवळ डी मधून पाणी उचलतात. म्हणजे तलाव नदीचा प्रवाह राखण्याचं काम करतो. धरणाखाली सोडलेल्या त्याच पाण्यावर आज राफ्टिंग चालतं.

आणि ती भिंत. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला, पुढे नामवंत साहित्यिक झालेल्या एका तरुणाने अबरिस्टविथच्या दक्षिणेला मुख्य रस्त्यालगतच्या एका पडक्या घराच्या भिंतीवर दोन शब्द रंगवले: ‘कोव्युख त्रवेरिन’, त्रवेरिन लक्षात ठेवा. आपल्याकडे ‘ठेव’ नि ‘ठेवा’ असतं तसं ‘कोव्युख’ हे अनेकांना उद्देशून आहे. त्यात व्याकरणाची एक चूक राहिली होती. वेल्शमध्ये अशा आज्ञार्थी क्रियापदानंतर पुढच्या शब्दाचं पहिलं अक्षर मऊ होतं, ‘त’ चा ‘द’. मराठीत विभक्ती लागताना शब्दाचं शेपूट बदलतं, वेल्शमध्ये डोकं. नंतर कोणीतरी ती चूक सुधारली आणि आज सगळीकडे ‘कोव्युख द्रवेरिन’ असंच लिहिलेलं दिसतं. २०१९ मध्ये त्या भिंतीवर कोणी ‘एल्व्हिस’ असं लिहिलं, दोन महिन्यांनी भिंतीचा वरचा भाग पाडला. लोकांनी ती पुन्हा रचली, आणि मग ते दोन शब्द वेल्सभर गोठ्यांवर, पुलांवर, गाड्यांवर उमटले.

लिव्हरपूलच्या नगरपालिकेने २००५ मध्ये माफी मागितली. वेल्समध्ये काहींना ती मनापासून भावली, काहींना फार उशिरा आलेली वाटली. तिची शब्दयोजना बारकाईने पाहण्यासारखी आहे. आधी शहरात राहिलेल्या वेल्श लोकांचं ऋण आणि शहराने वेल्सची केलेली सेवा येते, मग खोऱ्याचं जलाशयात ‘रूपांतर’ झाल्याने झालेलं दुःख, आणि शेवटी, त्या वेळच्या नगरपालिकेकडून काही असंवेदनशीलता घडली असल्यास तिच्याबद्दल क्षमा. १९५७ च्या त्या कायद्याचा, आणि तो ज्या वाटेने करून घेतला तिचा, त्यात एका शब्दानेही उल्लेख नाही.