बडोद्यात घर कोणाला मिळतं?

अलकापुरीत किंवा जुन्या पादरा रोडवर भाड्याचा फ्लॅट बघायला गेलात, की दलाल पैशांच्या आधी एक गोष्ट विचारतो: "तमे केवा?" शब्दशः 'तुम्ही कसे', पण त्याला हवी असते जात. जोशी, कुलकर्णी म्हटलं की तो सैलावतो. मग फक्त मासे-मटणाची खातरजमा उरते. आडनावावरून अंदाज येईना, तर गाव विचारतो, मग वडिलांचं पूर्ण नाव. मुसलमान असेल तर "मालक फोन करतील" असं सांगतो. तो फोन येत नाही.

या प्रश्नाची जुनी नोंद याच शहरातली आहे. सयाजीराव महाराजांनी १८८०च्या दशकातच अस्पृश्यांच्या मुलांसाठी शाळा काढल्या होत्या. १९१३ मध्ये त्यांनी डॉ. आंबेडकरांना कोलंबियात शिकायला महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. करारानुसार संस्थानची नोकरी करायला आंबेडकर १९१७ मध्ये बडोद्याला आले, तेव्हा राहायचं कुठे हाच पहिला पेच पडला. हिंदू खाणावळीत जात सांगावी लागणार, म्हणून ते पारशी धर्मशाळेत गेले आणि वहीत पारशी नाव लिहवून राहिले. जागा वरच्या मजल्यावर, रोजचं भाडं दीड रुपया. शेजारच्या दालनात मोडक्या खुर्च्या, फळ्या, बाकं पडलेली. रात्री उजेडाला एक कंदील. सरकारी बंगला मिळावा म्हणून त्यांनी अर्ज केला होता. तो एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्याकडे फिरत राहिला. त्या कचेऱ्यांत आपले मराठी लोक थोडे नव्हते, हेही लक्षात ठेवायला हवं.

अकराव्या दिवशी सकाळी डझनभर पारशी लाठ्या घेऊन जिन्यावर आले. संध्याकाळपर्यंत खोली सोडायची होती. एक हिंदू स्नेही म्हणाला, तुम्ही माझ्याकडे आलात तर माझे नोकर निघून जातील. ख्रिश्चन झालेल्या ब्राह्मण मित्राने बायको उद्या येईल, तिला विचारावं लागेल म्हटलं; तो नकारच होता. मुंबईची गाडी रात्री नऊला होती. तोवरचे पाच तास आंबेडकरांनी कमाटी बागेत, म्हणजे आजच्या सयाजीबागेत, काढले. तिथल्या जागेला आता संकल्पभूमी म्हणतात.

महाराजांचा हुकूम शाळेत चालला, शिष्यवृत्तीच्या कागदावर चालला. लोकांच्या उंबरठ्यावर नाही. पुढे त्या उंबरठ्याला कायद्याचा आधारही मिळत गेला. मुंबई इलाख्यात १९२५ चा सहकारी संस्था कायदा आला आणि त्याच्या छत्राखाली जातीजातींच्या गृहनिर्माण सोसायट्या झाल्या. १९४९ मध्ये बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, १९६० मध्ये गुजरातेत आलं, आणि सोसायटी हा शब्द इथे मोहल्ल्याइतकाच रुळला. अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला होता. सदस्यत्व आपल्याच समाजापुरतं ठेवणारा सोसायटीचा नियम न्यायालयाने २००५ मध्ये वैध ठरवला.

दुसरा आधार अशांत क्षेत्र कायद्याचा. दंगलीत घाबरलेल्या माणसाला घर मातीमोल विकावं लागू नये, म्हणून गुजरातने १९८६ मध्ये आणि नंतर १९९१ मध्ये तो आणला. जाहीर केलेल्या भागात मालमत्ता विकायला कलेक्टरची परवानगी लागते. हेतू संरक्षणाचा, हे मान्य; पण "इथे त्यांना घर देऊ नका" म्हणणाऱ्या शेजाऱ्यांनाही हा कायदा सोयीचा पडला.

बडोद्याच्या हरणी भागातल्या सरकारी वसाहतीत हेच झालं. मुख्यमंत्री आवास योजनेतली ही ४६२ घरं. श्रीमंतांची वस्ती नव्हेच. २०१७ मध्ये त्यातलं एक घर मुसलमान स्त्रीला मिळालं. विरोध २०२० मध्ये सुरू झाला आणि २०२४ मध्ये ३३ रहिवाशांनी निवेदन दिलं, त्यातही अशांत क्षेत्र कायद्याचाच दाखला होता. इथे घर देणारी महापालिका होती, "मालक फोन करतील" म्हणायची सोय नव्हती. म्हणून सह्या गोळा कराव्या लागल्या.