'विलो'ची पुढची गोष्ट: चौतीस वर्षांची वाट, सहा महिन्यांचं आयुष्य

२० मे १९८८ रोजी 'विलो' हा जादूच्या जगातला साहसपट अमेरिकेत प्रदर्शित झाला, तेव्हा लोकांना जॉर्ज ल्युकसकडून आणखी एक 'स्टार वॉर्स' हवा होता. कथा ल्युकसची, दिग्दर्शन रॉन हॉवर्डचं, पटकथा बॉब डोलमनची. सुमारे साडेतीन कोटी डॉलर खर्चून केलेल्या या चित्रपटाने अमेरिकेत ५ कोटी ७० लाखांच्या आसपास कमाई केली. कमाई वाईट नव्हती, पण ल्युकसच्या नावाभोवती तेव्हा जे वलय होतं त्यापुढे थोडकीच वाटली. सगळं कुठेतरी आधी पाहिल्यासारखं आहे, असं अनेक समीक्षकांनी लिहिलं. तशी शक्यता कर्त्यांनी गृहीतच धरली असावी, कारण चित्रपटातल्या क्रूर सेनापतीचं नाव केल आहे, समीक्षक पॉलीन केल यांच्यावरून घेतलेलं, आणि दुतोंडी राक्षसाचं नाव सिस्कल आणि एबर्ट या समीक्षक जोडीवरून.

आक्षेपात तथ्य होतं. दुष्ट राणीचा नाश करणारं मूल जन्माला येणार अशी भविष्यवाणी होते, राणी गर्भार बायकांना कोंडते, एक दाई बाळाला चोरून बाहेर काढते आणि शेवटी ते बाळ नदीतून वाहत एका शेतकऱ्याच्या दारी येतं. कंस, देवकी आणि कृष्ण ऐकत वाढलेल्या माणसाला ही गोष्ट परकी वाटणार नाही. तरीही 'विलो' लोकांच्या मनात घर करून राहिला, आणि त्याचं कारण कथेपेक्षा तिच्या नायकात आहे.

विलो उफगुड हा नेल्विन जमातीचा, कमी उंचीचा शेतकरी. बायको आहे, दोन मुलं आहेत, जादू शिकायची हौस आहे आणि ती नीट जमत नाही. ही भूमिका केली तेव्हा वॉरविक डेव्हिस सतरा वर्षांचा होता. त्याआधी १९८३ साली 'रिटर्न ऑफ द जेडाय' या 'स्टार वॉर्स' चित्रपटात तो विकेट नावाचा इवॉक, म्हणजे अस्वलासारखा छोटा प्राणी, झाला होता, पण तिथे तो सगळा वेळ केसाळ पोशाखाच्या आत होता. त्या काळी कमी उंचीच्या नटांच्या वाट्याला बहुतेक असंच काम यायचं: मुखवटा, पोशाख, नाहीतर चार घटका हसवणारं पात्र. इथे त्याचा चेहरा पडद्यावर होता आणि गोष्ट त्याची होती. उंच माणसं त्याला 'पेक' म्हणून हिणवतात, तो घाबरतो, पण बाळ खाली ठेवत नाही. पुढे १९९५ मध्ये डेव्हिसने सासऱ्यांच्या साथीने कमी उंचीच्या कलाकारांना काम मिळवून देणारी संस्था काढली आणि तिला 'विलो'चंच नाव दिलं. या भूमिकेचं मोल त्याला किती वाटत होतं, हे त्यावरून कळतं.

बाकीही पुष्कळ होतं. व्हॅल किल्मरचा मॅडमार्टिगन हा बढाईखोर तलवारबाज, राणीची मुलगी सोर्शा झालेली जोअन व्हॉली (दोघांनी त्याच वर्षी खरोखर लग्न केलं), जेम्स हॉर्नरचं संगीत, वेल्स आणि न्यूझीलंडमधले डोंगर. जादूगारीण फिन रझीएल एका प्राण्यातून दुसऱ्यात बदलत शेवटी माणूस होते, ते दृश्य संगणकीय 'मॉर्फिंग'च्या इतिहासात आजही सांगितलं जातं.

पुढची गोष्ट पहिल्यांदा आली ती पुस्तकांतून, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. 'एक्स-मेन' कॉमिक्ससाठी नावाजलेल्या क्रिस क्लेअरमाँटने ल्युकसच्या आराखड्यावरून १९९५ ते २००० या काळात तीन कादंबऱ्या लिहिल्या. सुरुवातीलाच एका भीषण संहारात मॅडमार्टिगन आणि सोर्शा मरतात. विलो नाव बदलून थॉर्न ड्रमहेलर होतो आणि खिन्न, एकाकी भटकत राहतो. ज्या ऊबेसाठी लोक या जगात परतणार होते, तीच लेखकाने आधी काढून टाकली होती. आपली माणसं आपल्याच पुढच्या गोष्टीत हरवू शकतात, ही धास्ती तेव्हापासूनची.

२०१२ मध्ये ल्युकसने आपली कंपनी डिस्नेला चार अब्ज डॉलरहून अधिक किमतीला विकली. त्या व्यवहाराची चर्चा 'स्टार वॉर्स'पुरती झाली, पण 'विलो'ही त्यातच गेला. २०१८ च्या 'सोलो' या 'स्टार वॉर्स' चित्रपटावर हॉवर्ड, डेव्हिस आणि 'विलो' बघत मोठा झालेला लेखक जोनाथन कॅस्डन एकत्र आले. कॅस्डनने पाठपुरावा केला आणि ऑक्टोबर २०२० मध्ये मालिकेची घोषणा झाली.

आशा सरळ होती: डेव्हिस परत विलो होणार, सोर्शाही परतणार, चित्रीकरण पुन्हा वेल्समध्ये होणार. काळज्या मात्र बऱ्याच होत्या. घशाच्या कर्करोगाने किल्मरचा आवाज गेला होता आणि तो येऊ शकला नाही. हॉर्नर २०१५ मध्ये विमान अपघातात गेला होता. पहिल्या भागाचा ठरलेला दिग्दर्शक जॉन चू बाहेर पडला, त्याच्या जागी आलेला जोनाथन एंटविसलही निघून गेला. गोष्ट तरुण पात्रांच्या हाती जाणार हेही उघड होतं, त्यामुळे विलो आपल्याच नावाच्या मालिकेत पाहुणा ठरेल का, असा प्रश्न होता.

३० नोव्हेंबर २०२२ पासून 'डिस्ने प्लस' या डिस्नेच्या ऑनलाइन सेवेवर आठ भाग आले. मॅडमार्टिगन हरवलेला, त्याची मुलगी किट भावाच्या शोधात निघालेली, आणि चित्रपटातलं ते बाळ, एलोरा डॅनन, आता मोठी होऊन राजवाड्याच्या स्वयंपाकघरात, स्वतः कोण आहे हे माहीत नसलेली. आजच्या मुलांसारखी बोलणारी पात्रं आणि भाग संपताना वाजणारी पॉप गाणी जुन्या चाहत्यांना खटकली. मलाही खटकली. पण एलोरा आणि विलोचं नातं, जादूगार म्हणून आपण लोकांना वाटतो तेवढे मोठे नाही ही विलोची आतली भीती, किट आणि जेड या दोन मुलींमधलं प्रेम, हे सगळं मनापासून लिहिलेलं होतं. किल्मरच्या मुलाने, जॅकने, एका भागात वडिलांच्या पात्राला आवाज दिला. शेवटच्या भागाच्या अखेरीस 'विलो' नावाच्या पुस्तकाचा पहिला खंड फळीवर ठेवला जातो, आणि तिथे आणखी दोन खंड दिसतात.

मार्च २०२३ मध्ये दुसरं पर्व लगेच होणार नाही हे स्पष्ट झालं. खरा धक्का २६ मे २०२३ ला बसला. खर्चकपातीत डिस्नेने आपल्या सेवेवरची डझनावारी शीर्षकं काढून टाकली आणि त्यात सहा महिन्यांचीही न झालेली 'विलो' होती. ताळेबंदात ही निर्मिती मालमत्ता म्हणून उभी असते. ती काढली की तिचं मूल्य खर्ची टाकता येतं आणि कलाकार-लेखकांना पुढे द्यावे लागणारे पैसेही वाचतात. त्या तिमाहीत कंपनीने अशा कपातीपोटी सुमारे दीड अब्ज डॉलर खर्ची टाकले.

इतकी वर्षं आपण भांडलो ते नवी गोष्ट जुनीला डाग लावेल का यावर. १९८८ चा चित्रपट होता तसाच आहे, डिस्कवर मिळतो. पुसली गेली ती नवी गोष्ट, आणि ती चांगली की वाईट हे नव्या प्रेक्षकाला स्वतः बघून ठरवताही येऊ नये, हे मला कुठल्याही पॉप गाण्यापेक्षा कितीतरी जास्त खुपतं. कादंबऱ्या नावडल्या तरी त्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात सापडतात. 'लोक मला विचारतात मालिका कुठे बघायची, मी त्यांना काय सांगू,' असा सवाल डेव्हिसने २०२४ मध्ये डिस्नेला जाहीरपणे केला. २०२३ च्या उत्तरार्धात कंपनीने आपल्या 'लोकी', 'वांडाव्हिजन', 'मँडलोरियन' या मालिका डिस्कवर आणल्या, त्यात 'विलो' नव्हती. एप्रिल २०२५ मध्ये किल्मर आणि राणी बॅव्हमोर्डा झालेल्या जीन मार्श, दोघंही गेली. दुसऱ्या पर्वाचं नंतर बघू. झालेले आठ भाग आधी डिस्कवर आले पाहिजेत.